झुलीचा कोपरा

माझी नात रेवा म्हणते, "आजी, तुझा टाका मशीनपेक्षा सरळ येतो. कुठे शिकलीस गं?" मी म्हणते, आधी ते ध्यान धरून ठेव, माप घेऊ दे. ध्यान म्हणजे तिचा कुत्रा बंड्या. जळगावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हे महाराज गादीवर झोपतात, आणि थंडी पडली की त्यांना कोट लागतो. तो मी शिवते. उशांचे अभ्रे, भाजीच्या पिशव्या, जावयाचा झब्बा, मिक्सरवरचं झाकण, सगळं माझ्याच हातचं. येणारेजाणारे कौतुक करतात, म्हातारीला काय हौस आहे बघा. हौस कसली डोंबलाची! मार खाल्लेल्या कपड्यांवर शिकले मी शिवण. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ज्या बाईच्या पाठीवर शिकले ती जिवंत होती आणि तिला ते आवडलं नसतं. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता सांगते.

असोद्याला आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, बाजूला लागूनच गोठा, आणि भिंतीच्या मागून लगेच केळीचा मळा सुरू व्हायचा. वारा सुटला की केळीची चिरलेली पानं दिवसभर फडफडत राहायची आणि गोठ्यातल्या हौश्या नि लाल्या या दोन बैलांच्या गळ्यातल्या घंटा मध्येच वाजायच्या. घरात माणसं तीन. आबा, माय आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. उंच, देखणे, कामाला वाघ. गावात त्यांच्या शब्दाला मान, कारण पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल जायचा तो आमच्या घरचा. माय होती दुसऱ्या मुलखातली, शिंदखेड्याची. तिचं बोलणं वेगळं. 'आहे'ला 'शे' म्हणायची, 'सगळं'ला 'बठ्ठं'. आबा चारचौघांत तिची नक्कल करून दाखवायचे आणि ओट्यावर बसलेली माणसं पोट धरून हसायची. नवी नवी होती तेव्हा तीसुद्धा हसली असेल. मी पाहिलं तेव्हा ती हसत नव्हती.

आबांच्या हाताला कारण लागत नसे. कारण शोधायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते घेत नसत. एकदा माय कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करत होती. सगळं अंगण त्या खमंग धुराने भरलं होतं, मी भाकरीची वाट पाहत पाट मांडून बसले होते. आबा मळ्यातून आले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ तुह्या बापाच्या घरी राहिलं का?" एवढंच. मग ताट गेलं भिंतीवर, गरम भरीत गेलं मायच्या गळ्यावर, आणि कोपऱ्यातली पुराणी आली हातात. पुराणी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा असलेली. मायने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि पाठ दिली. ती नेहमी पाठच द्यायची. सहा, सात, आठ. मी मोजायची, कारण मोजत राहिलं की रडू येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. पोलक्याचं कापड फाटताना टर्र असा आवाज होतो, आणि कातडीवर काठी बसली की वेगळा, ओला आवाज होतो. दोन्ही आवाज मला आजही डोळे मिटून ओळखता येतील. दुकानात कापडवाला ताग्यातलं कापड टर्रकन फाडतो ना, तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहते. रेवाला वाटतं आजीला दुकानात गुदमरतं.

आणि शेजार? शेजार होताच की. भिंतीला भिंत लागून देवराम नाना राहायचे, गावातलं वडीलधारं माणूस, पांढरीशुभ्र टोपी, गळ्यात माळ. आमच्याकडे आरडाओरडा सुरू झाला की त्यांच्या घरातला रेडिओ मोठा व्हायचा. आणि सगळं शांत झालं की नाना ओट्यावरून हाक द्यायचे, "आटपलं का रे?" आबा म्हणायचे, "आटपलं, नाना." मग दोघं मिळून तंबाखू मळायचे. आज मला विचाराल तर आबांपेक्षा त्या हाकेचा राग मला जास्त आहे. मारणारा निदान घामाघूम तरी व्हायचा.

मार खाऊन झाला की माय गोठ्याच्या मागे निंबाच्या सावलीत जाऊन बसायची, हातात पत्र्याची डबी घेऊन. डबीत सुया, रिळं, एक कात्री, आणि एक मोठं दाभण. मशीन नव्हतं, सगळं हातावर. फाटलेलं शिवता शिवता तिचे हात थरथरायचे थांबत, हे मी बघितलंय. आणि फाटलेलं संपलं की ती थांबायचीच नाही. माझा परकर, भाचरांना कुंच्या, पाण्याच्या माठाला फडकं, पोपटाच्या पिंजऱ्याला झालरीचं झाकण. शेळी व्यायली की थंडीत करडांना गोणपाटाची अंगडी शिवायची, पुढच्या पायांना भोकं ठेवून, आणि ती करडं अंगडी घालून अंगणभर उड्या मारायची तेव्हा तीसुद्धा लहान पोरीसारखी खिदळायची. घरातल्या मुक्या जनावरापासून माठापर्यंत प्रत्येकाला तिने काहीतरी पांघरायला दिलं होतं. तिच्या स्वतःकडे पोलकी दोनच होती.

पण तिची खरी कला म्हणजे झूल. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची ती झूल. आमच्या हौश्याची झूल अख्ख्या असोद्यात प्रसिद्ध होती. खाली जाड मांजरपाट, वर तिच्या लग्नाचं लाल पातळ, कापून लावलेलं. त्यावर काचेची गोल भिंगं, कडेने कवड्या, चार कोपऱ्यांना गोंडे आणि गोंड्यात घुंगरं. लग्नाच्या पातळाला कात्री लावताना हात कसा धजला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ते नेसीसन मी काय सुख दखं व? बैल तरी मिरवी." दर वर्षी पावसाळा लागला की ती झूल काढायची, सुटलेली भिंगं पुन्हा पक्की करायची, एखादी नवी नक्षी टाकायची. आबा येता-जाता बघायचे. झूल शिवत असलेल्या मायला मात्र त्यांनी कधी मारल्याचं मला आठवत नाही. हे माझ्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं.

त्या वर्षी मी नऊ-दहा वर्षांची असेन. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण असते. बैलांचे खांदे वर्षभर जू ओढून ओढून सोलवटलेले असतात, त्यांना लोणी आणि हळद चोळायची. आबा गुडघ्यावर बसून हौश्याच्या खांद्याला लोणी लावत होते. काय तो हात! इतका हळू, इतका मऊ, की बैलाने डोळे मिटून घेतले होते. मग आबांनी हात जोडले आणि बैलाला आमंत्रण दिलं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." पुराणी आणि चाबूक त्यांनी छपराच्या आढ्यात खोचून ठेवले. उद्या त्यांना हात लावायचा नाही. मी दारात उभी राहून बघत होते. कुणाला हसू येईल, पण मला त्या बैलाचा हेवा वाटत होता.

मी आत जाऊन मायला विचारलं, "आबा उद्या हौश्याला अजिबात मारणार नाहीत?"

"नही व. झूल पांघरेल बैलवर कोन्ही हात उचलस का? पाप लागस."

"आणि हौश्याने शिंग मारलं तर?"

"तरीबी नही. झूल शे ना अंगवर."

बस. एवढं मला पुरे होतं. पोरवय ते, अक्कल किती असणार! पण मला त्या क्षणी जे कळलं ते असं की मारायचं की नाही हे बैल बघून ठरत नाही, झूल बघून ठरतं.

त्याच दिवशी सकाळी मायने मार खाल्ला होता. कशावरून ते मला खरंच आठवत नाही, घागर लवंडली होती बहुतेक. पोलकं खांद्यापासून पाठीवर वीतभर उसवलं होतं आणि दुसरं पोलकं दोरीवर ओलं होतं. पुरणाची डाळ निवडायला काढलेली, बायका मांड्यांची तयारी करायला येणार, फाटक्या पाठीने कशी बसणार? ती मला म्हणाली, "सुमन, अंगवरच दोन टाका घाल." आणि खराट्यातली एक काडी मोडून तिने दातात धरली. आमच्याकडे अंगावरचं कापड कधी तसंच शिवत नाहीत. अंगावर शिवतात ते मेलेल्या माणसाचं. म्हणून जित्या माणसाने दातात काडी धरायची, म्हणजे शिवणाऱ्यालाही कळतं आणि यमालाही कळतं की हे माणूस अजून आहे. रेवाच्या ब्लाउजचा हूक मी अंगावर लावला तर तिच्याही दातात काडी देते. काडी नसली की ती कान साफ करायची काडी धरते आणि फोटो काढते. असो.

डबी आणायला मी आत गेले. पेटीवर घडी करून झूल ठेवली होती. मी तिचा मागचा एक कोपरा कापला. तळहाताएवढा. त्यात एक भिंग होतं, दोन कवड्या होत्या, गोंडा मी तोडून पेटीमागे टाकला. कापलेली कड आत दुमडून चार कच्चे टाके मारले आणि घडी होती तशी करून ठेवली. मग तो तुकडा परकराच्या ओच्यात लपवून मायच्या पाठीमागे येऊन बसले. उसवलेल्या भोकातून तुकडा आत सरकवला, भिंग आतल्या बाजूने, आणि कडेकडेने शिवायला लागले. पाठीवर सकाळचे वळ होते, त्यातला एक फुटला होता. भिंग त्याला टोचत असणार. मायने हुंकार दिला, मान वळवली, पण दातात काडी होती, तिला बोलता येईना. मी म्हटलं, "हलू नकोस, ठिगळ लावतेय. कापड विरलंय." तिने मान पुन्हा खाली घातली. इतके बारीक टाके मी त्यानंतर आयुष्यात घातले नाहीत. काडी काढून ती म्हणाली, "जाड ठिगय लायं व, टोचस." पण तेवढ्यात बायका आल्या आणि ती मांड्यांच्या तयारीला लागली.

दुसरा दिवस उजाडला तोच पुरणाच्या वासाने. दोरीवरचं पोलकं श्रावणाच्या दमट हवेत अजून सुकलं नव्हतं, म्हणून माय त्याच ठिगळाच्या पोलक्यात होती. चुलीवर उलटं खापर तापलेलं, आणि माय हातावर मांडा फिरवून फिरवून मोठा करत होती, परातीएवढा, मग अलगद खापरावर टाकत होती. कटाची झणझणीत रशी, कुरडया, भजी. गोठ्यात आबा हौश्याची शिंगं रंगवत होते. बाशिंग बांधलं, घुंगुरमाळ घातली, आणि शेवटी झूल घातली. मी दाराआडून बघत होते. त्यांना काही दिसलं नाही. त्या सकाळी रशी तिखट झाली म्हणून आबा मायवर ओरडले, हातसुद्धा उगारला, आणि काय वाटलं कोण जाणे, तसाच खाली घेतला. सणाचा दिवस होता म्हणून घेतला असेल. पण मला कोण आनंद झाला! मी मनात म्हटलं, लागू पडलं. माझ्या आख्ख्या लहानपणातला तो सगळ्यात सुखाचा अर्धा दिवस.

उन्हं कलल्यावर सगळे बैल वेशीशी जमले. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण, दोन हलग्या कडाडत होत्या, गुलाल उडत होता. पुरुष बैल धरून, बायका एका बाजूला. मान आमचा म्हणून माय आरतीचं आणि नैवेद्याचं ताट घेऊन पुढे उभी, मी तिच्या पदराशी. आबा हौश्याचा कासरा धरून ऐटीत चालत आले. आणि हलगीला बुजून हौश्याने अंग झाडलं. माझे चार कच्चे टाके ते किती टिकणार? कोपरा सुटला, दुमडलेली कड लोंबायला लागली, आणि सगळ्या गावाला दिसलं की मानाच्या बैलाची झूल कापलेली आहे.

कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "काय हो, झूल उंदरांनी खाल्ली काय?" आणि हसू फुटलं. तेच हसू, जे आबा मायची नक्कल करायचे तेव्हा फुटायचं. फक्त या वेळी ते आबांवर होतं.

आबांनी कासरा सोडला. ते चालत आले ते सरळ मायपाशी. ताट उडालं, मांडे धुळीत, निरांजन कुठल्या कुठे. अंबाड्याला धरून त्यांनी तिला खाली ओढलं आणि लाथ घातली, पोटात. "तुले एक झूल सांभाळता येत नाही? भर वेशीत माही इज्जत काढते?" मग पाठीला धरून वर उचलायला गेले तर पोलकं त्यांच्या मुठीत आलं आणि टर्रकन फाटलं, पाठ उघडी पडली. उघड्या पाठीवर, नव्या-जुन्या वळांच्या मधोमध, माझा तुकडा एका बाजूने लोंबत होता. लाल पातळ, दोन कवड्या आणि भिंग. उन्हात ते भिंग असं काही चमकलं की पाठीमागचे बैलही बुजले.

हलग्या थांबल्या. आबा त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग हसले. "बैलाची झूल कापून सोताले लावते? बैल व्हायचं तुले?" आणि त्यांनी हौश्याच्या गळ्यातला कासरा हिसकला, हातावर दुहेरी केला.

"मी कापली!" मी ओरडले. "मी शिवली! तिला माहीत नाही! तुम्ही झूल घातलेल्याला मारत नाही ना, म्हणून!"

पहिला फटका मला बसला. दंडापासून मानेपर्यंत. आजही थंडीत तिथे दुखतं. दुसरा बसायच्या आत माय उठली होती. तिने पाठीमागे हात नेऊन तो तुकडा चाचपला, भिंगावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला कळलं. मी काय केलं आणि का केलं ते सगळं कळलं. तिने हौश्याच्या पाठीवरची झूल ओढली, घुंगरं खळाळली, आणि ती आख्खी झूल स्वतःच्या अंगावर घेतली. मला कुशीत ओढून आत घेतलं. आत अंधार, तेलाचा नि बैलाच्या घामाचा वास, आणि मायचं काळीज धडधडताना माझ्या कानाला लागत होतं. बाहेर तिचा आवाज ऐकू आला. तिने नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"हान आते! झूल शे अंगवर. हान, दखू दे बठ्ठासले!"

त्याने हाणलं. एक. दोन. तीन. मी मोजले. प्रत्येक फटक्याला भिंगं फुटत होती आणि काचा खाली सांडत होत्या. चौथा आलाच नाही. मी झुलीतून डोकं बाहेर काढलं तर चार माणसांनी आबांना धरलं होतं, आणि पुढे होते देवराम नाना. टोपी पडलेली, डोळे लाल. त्यांनी आबांच्या थोबाडीत मारली, अशी सणसणीत की आबांच्या ओठातून रक्त आलं. पाठोपाठ दुसरी, तिसरी. मग बाकीचे तुटून पडले, लाथा, बुक्क्या, जोडे. "पोळ्याच्या दिवशी झुलीवर हात टाकतो? भडव्या, झुलीवर?" आबा धुळीत कळवळत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला ते बघून बरं वाटलं.

मग मला मारणाऱ्यांचे शब्द ऐकू आले. झुलीवर. सगळे तेच म्हणत होते, झुलीवर, झुलीवर. नऊ वर्षांच्या पोरीलाही त्यातलं काय ते कळलं. मायला तर कळलंच. ती उभी राहिली, खांद्यातून रक्त वाहत होतं, काचा रुतल्या होत्या. ती नानांना म्हणाली, मोठ्याने नाही, अगदी साधं विचारल्यासारखं,

"नाना, इतला वरीस मनी पाठ फुटी, तवय तुम्ही रेडिओ लावा. आज फडकाले मार लागना तं धाई उनात."

नानांनी पडलेली टोपी उचलली आणि झटकत राहिले. फडक्यासाठी धावून आलेली माणसं आपापल्या बैलांकडे वळली.

आम्ही घरी गेलोच नाही. तिने माझा हात धरला आणि वेशीतून, त्या तोरणाखालून, सरळ सडकेला लागली. मानाचा बैल जातो तिथून त्या वर्षी सगळ्यात आधी आम्ही दोघी गेलो. अंगावर झूल तशीच. जळगावला जाणारी एसटी आली, कंडक्टरने आधी आमच्याकडे, मग झुलीकडे पाहिलं आणि पुढची सीट रिकामी करून दिली. खड्डा आला की घुंगरं वाजायची आणि लोक वळून बघायचे. बघेनात का! जळगावच्या स्टँडवर नळाखाली बसून मी तिच्या खांद्यातल्या काचा नखांनी काढल्या. काचा निघाल्यावर तिने खांदा धुतला. एवढंच म्हणाली, "तुना टाका चांगला शे व. सुटना नही." तिथून दुसरी गाडी पकडून आम्ही शिंदखेड्याला मामाकडे गेलो.

दसऱ्यानंतर नाना आणि आबा तिला न्यायला आले. मामाच्या ओट्यावर दोघं मान खाली घालून बसले. आबांचा एक दात गेला होता. नाना म्हणाले, "पोरी, झुलीवर हात टाकला, त्याची चूक झाली. हौश्याच्या पाया पडून त्याने माफी मागितली. बैलाने माफ केलं, आता तूही कर." माय दारात उभी राहून माझ्या परकराची दुमड घालत होती. हातातली सुई न थांबवता म्हणाली, "बैलनी माफ करं ना? मंग तेन्हासंगेच नांदा." मामा आत गेला आणि इतका हसला की मामीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आबा पुन्हा आले नाहीत. ते वारल्याचा निरोप आला तेव्हा मी दोन पोरांची आई होते. गेले नाही.

पुढे माय मला घेऊन जळगावात आली, एका खोलीत राहिली, लोकांचे कपडे शिवले, मला शिकवलं. मशीन घेतलं, पण जीव हातशिलाईतच. झूल तिने कधी नीट केली नाही. फुटक्या भिंगांसकट पेटीत ठेवली होती. आणि माझा तो तुकडा तिने फाटक्या पोलक्यावरून उसवून, धुऊन, सुयांच्या डबीत ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं. तिच्यावर त्यानंतर कुणी हात उचलला नाही. बंड्या लहान असताना त्याने चप्पल फाडली म्हणून रेवाने त्याच्यावर वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तर ऐंशी पार केलेली ही बाई काठी न घेता उठून मध्ये जाऊन उभी राहिली होती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा शेजारच्या बायकांनी तिला आंघोळ घालून नवं पातळ नेसवलं. मी डबी उघडली. तुकडा होता तिथेच होता, लाल रंग उडालेला, भिंग शाबूत. मी बायकांना म्हटलं, तिला जरा कुशीवर करा. पोलक्याच्या गळ्याबाहेर पाठीवर पांढऱ्या रेघा होत्या, मऊ पडलेल्या. मी पोलक्यावर तुकडा ठेवला, भिंग या वेळी बाहेरच्या बाजूने, आणि शिवायला घेतलं. हात थरथरत होते, मग थांबले.

आमच्या मजल्यावरच्या अक्का, मायच्याच वयाच्या, सवयीने बोलून गेल्या, "अगं, अंगावर शिवतेस, दातात काडी दे तिच्या." बोलल्या आणि तोंडावर पदर धरून रडायला लागल्या.

"राहू द्या, अक्का," मी म्हटलं. "आता नको."

चार टाके घातले, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.